सातव्या मिनिटाची जवारी

अजून सुरुवात नाही

परीक्षेला एक्केचाळीस दिवस उरले होते, त्या सकाळी निलोफर शिकलगारने दोनशे सोळा खुंट्या पुसल्या.

तंबोऱ्याच्या तारा ज्यांना गुंडाळतात त्या लाकडी खुंट्या. मिरजेतल्या त्यांच्या दुकानात त्या गेली तीस वर्षं एका पत्र्याच्या पेटीत सुखाने पडलेल्या होत्या. निलोफरने त्या आधी आकाराप्रमाणे लावल्या, मग लाकडाच्या रंगाप्रमाणे. मग तिला वाटलं, आकारच बरा होता. पुस्तक वरच्या खोलीत टेबलावर होतं. जिना चौदा पायऱ्यांचा. त्याही तिने कालच धुतल्या होत्या.

कोपऱ्यात मांडीवर भोपळा घेऊन बसलेले अब्बा, म्हणजे दस्तगीर शिकलगार, मान वर न करता म्हणाले, "तुझा तो विषय अजून दोन-तीन वेळा राहू दे. मिरजेत आपल्याइतकं चकाचक दुकान कुणाचं असणार नाही."

"मी वर जाणारच होते, अब्बा."

"जा की मग. धरून कुणी ठेवलंय, खुंटीनं?"

इंजिनिअरिंगचे बाकी सगळे विषय तिने सोडवले होते. एकटा एम-थ्री, तिसऱ्या सेमिस्टरचं गणित, चार वेळा राहिला होता. त्यातल्या दोन वेळा तर ती पेपरलाच गेली नव्हती. आता विद्यापीठाचा नवा नियम आला होता: पाचवी संधी शेवटची. ती हुकली की पदवी नाही, आधीचे सगळे पेपर पाण्यात. पुण्याच्या एका कंपनीने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण पदवी हातात आली तरच.

शिवाय पाटी होती. चार वर्षांपूर्वी, ती फक्त शेवटच्या वर्षाला गेली होती तेव्हाच, अब्बांनी सागवानावर स्वतः कोरलेली: निलोफर दस्तगीर शिकलगार, बी.ई. मेकॅनिकल. ती दाराशी लावायची राहिली ती राहिलीच. तेव्हापासून दुकानात भिंतीकडे तोंड करून उभी होती, शिक्षा केलेल्या पोरासारखी.

शिकण्याचे पंधरा दिवस

घटिका तिला कॉलेजच्या कुंभोजकर मॅडमनी दिली. कानामागे चिकटवायची, रुपयाएवढी, कातडीच्या रंगाची चकती. २०४१ साली कानामागे काहीतरी चिकटवलेलं असणं यात नवल उरलं नव्हतं, पण ही चकती अजून बाजारात आलेली नव्हती. मॅडमना चाचणीसाठी चाळीस टंगळमंगळ करणारी मुलं हवी होती. "यादी करायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत," असं त्या म्हणाल्या, आणि निलोफरकडे पाहून हसल्या.

"तू आळशी नाहीस," मॅडमनी सुरुवातच अशी केली, तेव्हा निलोफरला रडू यायचं बाकी राहिलं. "आळशी माणूस दोनशे खुंट्या पुसत नाही. तू घाबरतेस. नावडतं काम समोर आलं की मेंदूतला एक बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो. वाघ दिसल्यावर वाजवतो, तशीच. तू पुस्तकापासून उठतेस, घंटा थांबते, बरं वाटतं. आणि ते बरं वाटणं हेच बक्षीस. मेंदू एवढंच शिकतो, की उठलं की बरं वाटतं."

"मग करायचं काय?"

"वाघ लहान करायचा. तीन तास अभ्यास म्हटलं की घंटा वाजते. थोडा वेळ अभ्यास, मग ठरलेली सुट्टी, असं म्हटलं की वाजत नाही, कारण शेवट दिसत असतो. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी, ही पद्धत जुनीच आहे. आपली घटिकासुद्धा चोवीस मिनिटांचीच होती. पण पंचवीस सगळ्यांना कसे चालतील? एकाच मापाची चप्पल सगळ्या वर्गाला घालण्यासारखं आहे ते."

चकती दोन गोष्टी मोजायची. एक तगमग, म्हणजे काम टाळायची ओढ. ती घामातून आणि नाडीतून कळे. दुसरा थकवा, तो कानामागच्या हाडावर पोचणाऱ्या मेंदूच्या बारीक लहरींतून. पंधरा दिवस ती नुसती ऐकायची आणि त्या माणसाची लय शिकायची. मग दोनच कामं करायची: तगमग कमी असेल तेव्हा हाडावर एकदा टक् करून बसवायचं, आणि थकव्याच्या जरासं आधी दोनदा टक् करून उठवायचं.

"जरासं आधी, हे महत्त्वाचं," मॅडम म्हणाल्या. "वाक्य अर्धं असताना उठवायचं. अर्धं राहिलेलं काम मनाला टोचत राहतं. पुरं झालेल्या कामाकडे माणूस परत फिरकत नाही, अर्ध्याकडे आपोआप येतो. आणि एक लक्षात ठेव. एक चकती, एक माणूस. टूथब्रश समज."

चकती उन्हावर चार्ज व्हायची. दुपारी जेवून निलोफर झोपायची तेव्हा ती काढून दुकानाच्या खिडकीत ठेवलेल्या एका खुंटीवर चिकटवून ठेवायची. पुसलेल्या खुंट्यांचा असा काहीतरी उपयोग झाला.

निकाल

"माझे अडतीस," स्नेहल मगदूम म्हणाली. ती निलोफरची वर्गमैत्रीण, चाचणीतही बरोबर होती. कॉलेजबाहेर ड्रायव्हर नसलेल्या सिटीबसची वाट बघत दोघी उभ्या होत्या. "अडतीस काम, सहा सुट्टी. तुझे?"

चकतीने मनगटावरच्या पट्टीवर पाठवलेला आकडा निलोफरने हाताने झाकला.

"दाखव की!"

"सात."

"सत्तेचाळीस?"

"नुसते सात. सात काम, चार सुट्टी."

स्नेहलने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून बाहेर आलं. "निलू, अगं सात मिनिटांत माझी मॅगी पण नीट होत नाही!"

"तुझी मॅगी अडतीस मिनिटांत पण नीट होत नाही. खाल्लीय मी."

बस आली. आत बसल्यावर निलोफरने मनगटाकडे पुन्हा पाहिलं. सात. लहान मुलांना पाढे पाठ करायलासुद्धा मास्तर दहा मिनिटं देतात. एवढंसंच का आहे आपलं डोकं? पण घरी पोचल्यावर हाडावर एकदा टक् झालं, आणि तिला वाटलं, सातच मिनिटं तर आहेत. सात मिनिटांत वाघ असा काय खाणार आहे? ती चौदा पायऱ्या चढली, खुर्ची ओढली आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच

सुट्टी, चार मिनिटं

"काय गं, झाला एवढ्यात अभ्यास?" अब्बांनी विचारलं. ते नुकतेच कानस खाली ठेवून हात झटकत होते.

"सुट्टी आहे. चार मिनिटं."

"मग ये, तार छेड. माझे दोन्ही हात दोरा सरकवायला लागतात."

समोर पुऱ्या झालेल्या तंबोऱ्याला आता जवारी काढायची होती. तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात ती घोडी. तिचा वरचा भाग कानशीने केसाकेसाने घासत न्यायचा, की तार तिला नीट लागणारही नाही आणि नीट सुटणारही नाही. मग तार आणि घोडीच्या मध्ये एक सुती दोरा सरकवायचा. तो नेमक्या जागी गेला की बसलेला आवाज एकदम उघडतो. ते उघडणं म्हणजे जवारी. आठ-दहा वेळा कानस फिरवायची, छेडून ऐकायचं, थांबायचं. न थांबता घासत बसलं तर कान थकतो, आणि थकलेला कान खोटं बोलतो.

निलोफरने तार छेडली. अब्बांनी दोरा सरकवला. खोलीभर मधमाशा उठल्या.

"यात गंधार कुठून आला, अब्बा? तार तर षड्जाची आहे."

"आलेला नाही. आतच होता. एका तारेत सगळे राहतात, बेटा. मोठ्या आवाजाचा एकच असतो, बाकीचे त्याच्या मागं बसून असतात. मी फक्त दार उघडतो."

तिने दुसऱ्यांदा छेडली, मग उगाच तारेच्या बरोबर मध्यावर बोट नेलं.

"तिथं नको. थांब, दोरा काढतो. आता छेड मधोमध. ऐक, कसं फिकं लागतंय. मधोमध छेडलं की निम्मे सूर झोपतात."

"कुठले निम्मे?"

अब्बांनी तार पुन्हा छेडून ऐकली. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "एक सोडून एक," ते म्हणाले, तेवढ्यात निलोफरच्या हाडावर टक् झालं आणि ती जिन्याकडे पळाली. अब्बांनी कानस उचलली.

काम, सात मिनिटं

बसली. खुर्चीला सवय झाली होती. वहीत काल अर्धवट सोडलेली ओळ होती: कुठलीही लहर, कितीही वाकडी असो, ती साध्या लहरींची बेरीज असते. एकपट वेगाची, दुप्पट, तिप्पट. कुठली किती मिसळायची, ते काढायचं सूत्र

सुट्टी, चार मिनिटं

"अब्बा, तुम्ही करता त्याला फोरिअर म्हणतात."

"कोण तो? सांगलीचा का?"

"फ्रान्सचा."

"तंबोरे बनवायचा?"

"नाही, गणित करायचा. तुम्ही जे मागं बसलेले म्हणता ना, ते मागं किती जण आणि प्रत्येकाचा आवाज किती, हे त्यानं मोजलं."

"न ऐकता?"

"कागदावर."

अब्बांनी कौतुकाने मान हलवली, पण हातातली कानस सोडली नाही. "चांगला कारागीर असणार. पण दोरा कुठं सरकवायचा, ते सांगितलंय का त्यानं?"

असे बारा दिवस

सात आणि चार. दिवसातून वीस वेळा, मग पंचवीस वेळा. निलोफर खाली आली की अब्बांची कानस खाली असायची, ती वर गेली की ते पुन्हा घासायला लागायचे. योगायोग म्हणून तिने ते सोडून दिलं. अम्मी मात्र स्वयंपाकघरातून म्हणायची, "घर आहे का घड्याळ? बाप-लेक लंबकासारखे वर-खाली!" पण आवाजात तक्रार नव्हती. पोरगी पुस्तकाकडे स्वतःच्या पायाने जात होती.

खुंट्यांवर पुन्हा धूळ साचली. घरात सगळ्यांनी ती पाहिली आणि कुणीही पुसली नाही.

चूक

परीक्षेला तेरा दिवस असताना कुंभोजकर मॅडमनी तिला बोलावून घेतलं. समोर पडद्यावर दोन रंगांच्या रेषा होत्या.

"निलोफर, तुझ्या डोक्यात रोज दुपारी दोन ते चार दुसरंच कुणीतरी येऊन बसतं."

"मॅडम?"

"वय पन्नासच्या पुढं. कान अफाट तयार. तगमग जवळजवळ शून्य. बरोबर सात मिनिटं काम, चार मिनिटं थांबणं, दोन तासांत एकदाही चूक नाही. मी चाळीस मुलांची माहिती बघतेय, इतकी स्वच्छ लय एकाचीही नाही. कोण आहे हा माणूस?"

निलोफरने डोळे मिटले. खिडकी. खुंटी. दुपारची झोप.

घरी आल्यावर अब्बांनी लगेच कबूल केलं. "तू झोपायचीस ना. म्हटलं बघावं आपल्या डोक्यात काय चालतं. मला वाटलं, पडद्यावर दिसेल. काहीच दिसलं नाही, पण काढायला विसरायचो. तुझी उठायची वेळ झाली की परत चिकटवायचो खुंटीला."

"अब्बा, टूथब्रश आहे तो!"

"मी कुठं दात घासले त्यानं?"

मॅडमनी घोळ समजावला होता. सुरुवातीच्या पंधरा दिवसांत निलोफर पुस्तकापाशी फारशी बसलीच नव्हती, त्यामुळे तिची लय फिकी. अब्बांची ठळक. यंत्राने ठळक ती खरी मानली. आता अब्बांचे दुपारचे तास वगळून हिशोब पुन्हा केला, तर निलोफरची खरी लय निघाली: एकतीस मिनिटं काम, सहा सुट्टी.

"बघ, किती छान आकडा," मॅडम म्हणाल्या होत्या. "सातपेक्षा चौपट."

काम, एकतीस मिनिटं

टक्.

एकतीस. जिन्यातच तिला घाम फुटला. ती बसली, उठली, पेन शोधलं, पेन सापडलं, दुसरं शोधलं. खिडकीतून ड्रोनने शेजारच्या अंगणात टाकलेलं खोकं दिसलं. ते कुणाचं असेल यावर तिने बराच विचार केला. मग ती खाली गेली. पत्र्याची पेटी उघडली. खुंट्यांवर केवढी धूळ

सुट्टी नाही, पण घेतली

तीन दिवस असे गेले. चौथ्या सकाळी अब्बांनी तिच्या हातातली खुंटी काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"खरा आकडा मिळाला म्हणालीस ना?"

"मिळाला. खरा आहे, पण माझ्या पायांना ते माहीत नाही." तिने पेटीचं झाकण लावलं. "अब्बा, यावेळी राहिला तर संपलं. मला सगळं येतं. फक्त बसता येत नाही. तुमच्या सातावर बसत होते, तर ते सात माझे नव्हतेच."

अब्बांनी जवारीचा दोरा हातात घेतला. "माझे तरी कुठं होते? माझ्या वालिदांचे होते. मी अकरा वर्षांचा होतो. कानस हातात दिली आणि म्हणाले, मी तार छेडली की थांबायचं. चाळीस वर्षं झाली. ते गेले, पण थांबायचं तेव्हा अजून थांबतो." त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला. "माणूस लय घेऊन जन्माला येत नाही, निलू. शेजारी कुणीतरी काम करत असतं, त्याची लागते."

त्या दुपारी निलोफर कॉलेजात गेली आणि कानामागची चकती काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली. चाचणीतून नाव कमी झालं तर चालेल, म्हणाली. मॅडमनी थोडं समजावलं, थोडा उसासा टाकला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. लिहिताना त्यांचा चेहरा नाराज माणसाचा नव्हता, नवी कल्पना सुचलेल्या माणसाचा होता.

घरी येऊन ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. "अब्बा, मला ठोका पाहिजे."

"ठोकाबिका मला जमत नाही. मी माझी जवारी काढणार. ऐकू आली तर ऐक."

काम, सात मिनिटं. सुट्टी, चार मिनिटं. काम, सात

खालून कानशीचा आवाज: खर्र, खर्र. तो चालू आहे तोवर पेन चालू. मग तार. ती वाजली की वाक्य जिथं असेल तिथं सोडून द्यायचं. चौदा पायऱ्या खाली, पाणी, दोन शब्द, चौदा पायऱ्या वर. नऊ दिवस. घाबरायला सवडच मिळाली नाही, प्रत्येक वेळी भीती दारापर्यंत यायची आणि तेवढ्यात तार

तीन तास

परीक्षेच्या हॉलमध्ये तार नव्हती. चाळीस पंखे होते आणि एक पर्यवेक्षक.

तिने प्रश्नपत्रिका उलटी धरली, मग सुलटी केली. चौथा प्रश्न: दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली तार बरोबर मध्यावर उचलून सोडली आहे. तिचं कंपन शोधा.

निलोफर हसली. मोठ्यांदा. पुढच्या बाकावरच्या मुलाने दचकून मागे पाहिलं.

ती लिहायला लागली. आतल्या आत कुठेतरी कानस घासली जात होती. मग तार वाजली, आणि तिने पेन खाली ठेवून पंख्याकडे पाहिलं. लिहिलं. पेन ठेवलं. पंखा. चौथ्या वेळी पर्यवेक्षक जवळ आले.

"बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय, सर. सुट्टी चाललीय."

"पेपरमध्ये?"

"छोटी आहे. हॉलसाठी एका मिनिटाची केलीय."

त्यांनी मान हलवली आणि ते पुढे गेले. निलोफरने शेवटची पायरी लिहिली आणि उत्तराकडे पाहिलं. बेरजेत पहिली लहर होती, तिसरी होती, पाचवी होती. दुसरी, चौथी, सहावी शून्य. एक सोडून एक, झोपलेल्या. तपासून बघायची गरजच नव्हती. हे उत्तर तिने ऐकलेलं होतं.

निकाल, दुसरा

अठ्ठावन्न. पास व्हायला चाळीस लागत होते. स्नेहल मॅगी घेऊन आली; ती या वेळी नीट झाली होती. कुंभोजकर मॅडमचा निरोप आला: चाचणीचा पुढचा भाग सुरू करतेय, चकती एकट्याला न देता दोघांना जोडीने द्यायची, तुझे वडील येतील का?

सगळं झालं, फक्त पाटी लागेना.

"उद्या लावतो," अब्बा म्हणाले. दुसऱ्या दिवशी खिळे नव्हते. तिसऱ्या दिवशी भिंतीला ओल होती. चौथ्या दिवशी ते शुक्रवारी बघू म्हणाले. शुक्रवारी त्यांनी सकाळपासून दोनशे सोळा खुंट्या पुसायला घेतल्या.

अम्मी दारात उभी राहून बघत होती. "आत्ता कळलं हिला हे कुठून आलं."

निलोफर खिळे शोधायला खालच्या खणात हात घालत होती. हाताला डबा लागला, आतमध्ये पांढरी भुकटी, पिठासारखी. भुकटीत एक घोडी. हाडाची, पण इतकी झिजलेली की खिडकीपुढे धरली तर उजेड पलीकडून दिसत होता. अशी घोडी कुठल्याच तंबोऱ्याला चालली नसती.

"अब्बा, ही कुणाची?"

अब्बांनी एक खुंटी फारच काळजीपूर्वक पुसली. "कुणाची नाही."

"जवारी काढायला दोन दिवस लागतात. तुम्ही नऊ दिवस घासत होता."

"तो तंबोरा दुसऱ्याच दिवशी झाला. गेला पण मालकाकडं."

"मग बाकीचे सात दिवस काय करत होता?"

"घासत होतो," अब्बा म्हणाले. "नंतर जुन्या तंबोऱ्याची तार छेडत होतो. तू म्हणालीस ना ठोका पाहिजे."

चांगलं हाड वाया गेलं तर दोन दिवस न बोलणारा माणूस. निलोफरने घोडी ओढणीला पुसून मुठीत धरली. मग तिने भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या पाटीकडे पाहिलं, खुंट्यांच्या रांगेकडे पाहिलं, अब्बांच्या कपाळावरच्या घामाकडे पाहिलं. सोमवारी तिची पुण्याची गाडी होती. पाटी लागली, म्हणजे पोरगी गेली. बदामाएवढा तो भाग अब्बांनाही होताच की.

"अब्बा," ती म्हणाली, "अख्खी पाटी लावू नका. सात मिनिटं लावा."

त्यांनी वर पाहिलं. हळूच उठले. हातोडी घेतली, पाटी सुलटी केली, फडक्याने पुसली, दाराशी नेली. निलोफर उंबऱ्यावर जुना तंबोरा घेऊन बसली. डावीकडचा खिळा सरळ गेला. पाटी त्यावर अडकली. उजवीकडच्या खिळ्यासाठी त्यांनी हातोडी उचलली, आणि तार वाजली.

अब्बांनी हातोडी खाली ठेवली. चाळीस वर्षांची सवय.

एकाच खिळ्यावरची पाटी तिरकी लटकली. गल्लीतून जाणारा एक सायकलवाला मान वाकडी करून ती वाचत गेला. अम्मीने चहा आणला. चार मिनिटं झाली, मग पाचवं झालं. हातोडीकडे कुणीच हात नेला नाही.

"दुसरा खिळा?" अब्बांनी विचारलं.

"तो राहू दे," निलोफर म्हणाली. "ईदला येईन तेव्हा मारू."